वेगळ्या बॉबिन वाइंडरवर बॉबिन नीट कशी भरावी

खालच्या टाक्यात दोष दिसला की बहुतेकांचा हात आधी मशीनच्या टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या, चाकाकडे जातो. ते चाक फिरवण्याआधी बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याचं छोटं रीळ, बाहेर काढा आणि भरलेल्या दोऱ्यावर अंगठ्याचं नख दाबून बघा. नख सहज आत रुतलं, तर दोष मशीनमध्ये नाही, बॉबिन भरण्यात आहे. सैल भरलेल्या बॉबिनमध्ये वरचे वेढे खालच्या वेढ्यांच्या फटीत घुसतात. शिवताना दोरा तिथे क्षणभर अडकतो, मग एकदम सुटतो. कापडाच्या उलट बाजूला एक टाका घट्ट, पुढचे दोन ढिले असं दिसतं ते यामुळे. वरचं टेन्शन कितीही फिरवलं तरी हे जात नाही.

मशीनपासून वेगळा, स्वतःच्या मोटरवर चालणारा बॉबिन वाइंडर घेतला की हा दोष आपोआप जाईल असं मात्र नाही. त्याचा ताण आणि दोरा येण्याची उंची एकदा नीट बसवावी लागते. ती बसवली की प्रत्येक बॉबिन सारखी भरते, आणि त्याचा खरा उपयोग तोच आहे.

कोणाला हा वाइंडर लागतो? ब्लाउज शिवणाऱ्यांना दिवसात पाच-सात रंग बदलावे लागतात, आणि प्रत्येक वेळी सुईतला दोरा काढून मशीनवर बॉबिन भरण्यात वेळ जातो. गोधडी किंवा क्विल्ट करणाऱ्यांना एकाच रंगाच्या चार-पाच बॉबिन आधीच तयार हव्या असतात. भरतकामाचं मशीन मधेच थांबवून त्यावर बॉबिन भरणं तर गैरसोयीचंच. बहुतेक लाँगआर्म, म्हणजे मोठ्या क्विल्टसाठीच्या लांब हाताच्या, क्विल्टिंग मशीनसोबत वाइंडर मुळातच वेगळा येतो. महिन्यातून एखादं झबलं शिवणाऱ्याला मात्र याची गरज नाही, मशीनवरचा वाइंडर पुरतो.

आधी बॉबिन ओळखा

दुकानात बॉबिन दाखवून "अशीच द्या" म्हणणं पुरेसं नाही, कारण दोन-तीन प्रकार डोळ्यांना सारखेच दिसतात. आपल्याकडच्या काळ्या लोखंडी घरगुती मशीनमध्ये साधारणपणे क्लास 15 ची बॉबिन असते: व्यास सुमारे 20 मिलिमीटर, उंची साडेअकरा ते बारा. कारखान्यातल्या जुकीसारख्या सरळ टाक्याच्या मशीनची बॉबिन व्यासाने जवळपास तेवढीच, पण उंचीला सुमारे 9 मिलिमीटर असते. लाँगआर्मवर बऱ्याचदा एम प्रकारची बॉबिन लागते, तिचा व्यास 25 मिलिमीटरच्या आसपास. जुन्या लांब शटलच्या मशीनची काडीसारखी लांबट बॉबिन बहुतेक वेगळ्या वाइंडरवर बसतच नाही.

वाइंडर घेताना स्वतःची बॉबिन सोबत न्या आणि स्पिंडलवर, म्हणजे बॉबिन बसते त्या दांडीवर, बसवून बघा. ती दाबल्यावर तळापर्यंत जायला हवी आणि बोटाने फिरवल्यावर दांडीही तिच्याबरोबर फिरायला हवी. बॉबिन दांडीवर नुसती घसरत असेल तर तो वाइंडर त्या बॉबिनसाठी नाही. काही वाइंडरसोबत दोन-तीन मापांचे अडॅप्टर येतात, त्यातला आपल्याला बसणारा कोणता ते दुकानातच बघून घ्या.

बॉबिनही तपासा. प्लास्टिकच्या बॉबिनला कडेला बारीक चीर असेल तर दोरा तिथे अडकतो. धातूच्या बॉबिनची कड वाकली असेल तर भरताना ती डुगडुगते आणि केसमध्ये, म्हणजे मशीनमधल्या बॉबिनच्या डबीत, घासते. अशी बॉबिन सरळ करायच्या भानगडीत पडू नका, टाकून द्या. मशीनला प्लास्टिकची बॉबिन सांगितली असेल तर धातूची वापरू नका. वजनातल्या फरकानेही खालचा ताण बदलतो.

जुळणी

वाइंडर सपाट, न हलणाऱ्या टेबलावर ठेवा. खाली रबराची पातळ चटई घातली तर तो कंपनाने सरकत नाही. बॅटरीवर चालणारा असेल तर सगळे सेल एकदम बदला. नवे-जुने मिसळले की मोटर मंद चालते आणि शेवटच्या थरात दोरा सैल बसतो. विजेच्या अडॅप्टरवर चालणारा असेल तर त्यावर लिहिलेला व्होल्टेज वाइंडरच्या तळावरच्या आकड्याशी जुळतो का ते वाचा. पिन बसली म्हणजे अडॅप्टर चालला असं समजू नका, जास्त व्होल्टेजने छोटी मोटर लगेच जळते.

आता दोऱ्याची जागा. 5000 मीटरचा कोन, म्हणजे शंकूच्या आकाराचं मोठं रीळ, असेल तर तो वाइंडरच्या छोट्या खुंटीवर ठेवू नका, वेगळ्या कोन स्टँडवर उभा ठेवा. स्टँडचा वरचा आकडा कोनाच्या बरोबर मध्यावर आणि कोनाच्या उंचीच्या सुमारे अडीच पट उंच असावा. आकडा खाली असला की दोरा कोनाच्या कडेला घासतो आणि बॉबिनवर कमी-जास्त ताणाने बसतो.

छोटं रीळ असेल तर दोरा त्यावर कसा गुंडाळला आहे ते बघा. फुल्या पडल्यासारखा तिरका गुंडाळलेला असेल तर तो रिळाच्या टोकावरून, रीळ न फिरता निघायला हवा. एकावर एक सरळ, समांतर वेढे असतील तर रीळ फिरत राहून दोरा बाजूने सुटायला हवा. हे उलट झालं की दोऱ्याला पीळ बसतो आणि छोट्या गाठी पडतात.

भरण्याची पद्धत

1. वाइंडरवरच्या टेन्शनच्या, म्हणजे दोरा दाबून त्याला ताण देणाऱ्या, दोन चकत्यांमधून पातळ सुती कापडाची पट्टी एकदा ओढून घ्या. तिथे साठलेली कापसाची लव चकत्या पूर्ण मिटू देत नाही, म्हणून स्क्रू घट्ट असूनही बॉबिन सैल भरते. सुती दोरा वापरत असाल तर दर दहा-बारा बॉबिननंतर हे करा.

2. दोरा आकड्यातून आणून दोन चकत्यांच्या मधोमध बसवा. चकत्यांच्या वरून नुसता टेकवून चालत नाही. बसला की नाही हे हाताला कळतं: दोरा ओढल्यावर थोडा, पण एकसारखा विरोध जाणवायला हवा.

3. दोऱ्याचं टोक बॉबिनच्या कडेवरच्या भोकातून आतून बाहेर काढा. बॉबिन दांडीवर टक्क आवाज येईपर्यंत किंवा तळाला टेकेपर्यंत दाबा. भोक नसलेल्या बॉबिनला हातानेच पाच-सहा वेढे घाला. ते वेढे दांडी ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने असावेत, नाहीतर पहिल्याच झटक्यात सुटतात.

4. टोक वरच्या बाजूला हलकं धरून वाइंडर सुरू करा. आठ-दहा वेढे बसले की थांबवा आणि भोकातून बाहेर आलेलं टोक कडेला अगदी लागून कापा. बऱ्याच जणी ही पायरी गाळतात. राहिलेलं टोक केसमध्ये फिरताना खालच्या दोऱ्यात अडकतं आणि शिवण मधेच घट्ट होते.

5. पुन्हा सुरू करा आणि वेग कमी-जास्त न करता पूर्ण भरू द्या. भरताना बोटाने दोरा वर-खाली नेऊ नका. तसं करावं लागत असेल तर चकत्यांची उंची चुकलेली आहे, त्याबद्दल पुढे सांगितलं आहे.

6. बॉबिनच्या कडेच्या आत 1 मिलिमीटर जागा राहिली की थांबवा. वाइंडरची थांबवणारी पट्टी उशिरा बंद होत असेल तर तिचा स्क्रू थोडा फिरवून जागा बदला. काठोकाठ भरलेली बॉबिन केसमध्ये घासते, आणि सुरुवातीचे काही मीटर खालचा ताण उगाच जास्त लागतो.

7. 8 ते 10 सेंटिमीटर टोक ठेवून दोरा कापा, बॉबिन सरळ वर ओढून काढा.

साडीचा पदर, ओढणी, मोकळे केस फिरत्या दांडीपासून लांब ठेवा. मोटर छोटी असली तरी दोऱ्यात गुंतलेला केस ती ओढून घेते.

ताण आणि उंची

दोरा बॉबिनवर कुठे बसतो ते टेन्शनच्या चकत्या किती उंचीवर आहेत यावर ठरतं. भरलेली बॉबिन दांडीवर होती तशीच उभी डोळ्यांसमोर धरून बघा. दोरा वरच्या कडेकडे ढिगासारखा जमला असेल तर चकत्या खाली घ्या, खालच्या कडेकडे जमला असेल तर वर घ्या. एका वेळी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त हलवू नका. मध्यभागी फुगवटा आणि दोन्ही कडांना खड्डे असं दिसलं, तर उंची बरोबर असून ताण कमी पडतोय. तेव्हा चकत्यांचा स्क्रू पाव फेरा घट्ट करा आणि पुन्हा भरून बघा.

ताण बरोबर आहे की नाही हे नखाने कळतं, पण नखाचा अंदाज रोज सारखा नसतो. त्याहून भरवशाचं साधन म्हणजे 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा. एकाच जातीच्या, एकाच वजनाच्या तीन रिकाम्या बॉबिन घ्या, एकाच दोऱ्याने सारख्याच उंचीपर्यंत भरा आणि तोला. तिन्ही वजनं 0.05 ग्रॅमच्या आत जुळली तर वाइंडर नीट बसलाय. एखादी हलकी भरली तर ती सैल आहे: दिसायला तेवढीच भरलेली, पण आत दोरा कमी. सगळ्याच वजनाने सारख्या असून नख रुततं, तर ताण सारखा असला तरी कमी आहे, तो वाढवा.

जास्त ताणही वाईटच. पॉलिस्टर दोरा घट्ट आणि वेगाने भरला की तो ताणलेल्या अवस्थेत बॉबिनवर बसतो. शिवून झाल्यावर तो आखडतो आणि शिवणीला चुण्या पडतात. इस्त्री केल्यावर चुण्या जातात, पहिल्या धुण्यानंतर परत येतात. प्लास्टिकची बॉबिन तर जास्त ताणाने कडेला फुगते आणि केसमधून निघत नाही. म्हणून स्क्रू "असू दे अजून थोडा घट्ट" म्हणत फिरवायचा नाही. नख रुतायचं थांबलं की तिथेच थांबा आणि स्क्रूच्या डोक्यावर मार्करने एक खूण करून ठेवा.

वाइंडरचा ताण बसला, मग मशीनची केस तपासा. भरलेली बॉबिन केसमध्ये घाला, टोक हातात धरून केस लोंबती सोडा. ती स्वतःच्या वजनाने सरसर खाली आली तर केसचा ताण कमी, अजिबात हलली नाही तर जास्त. हाताला हलका झटका दिल्यावर 2 ते 3 सेंटिमीटर खाली येऊन थांबली तर बरोबर. केसचा स्क्रू एका वेळी फेऱ्याच्या आठव्या भागाहून जास्त फिरवू नका, आणि खाली पांढरा कागद पसरून काम करा. तो स्क्रू इतका बारीक असतो की जमिनीवर पडला की सापडत नाही. बॉबिन वरून टाकायची असेल अशा मशीनला ही लोंबती चाचणी लागू नाही, तिथे कापडाच्या तुकड्यावर शिवूनच बघावं लागतं.

केसमध्ये बॉबिन कोणत्या दिशेने फिरायला हवी ते मशीनच्या पुस्तिकेत चित्रासह दिलेलं असतं. वेगळ्या वाइंडरची दिशा मशीनवरच्या वाइंडरपेक्षा उलटी असू शकते. दोन्ही बाजू सारख्या असलेल्या बॉबिनला याने काही बिघडत नाही, ती पालथी घालून बसवायची. एकाच बाजूने बसणाऱ्या बॉबिनसाठी मात्र वाइंडर घेण्याआधी दिशा तपासलीच पाहिजे.

दोरा बदलला की सेटिंग बदलतं

शिलाईच्या नेहमीच्या पॉलिस्टर दोऱ्यावर 120 टिकिट किंवा टेक्स 27 असं दोऱ्याच्या जाडीचं माप लिहिलेलं असतं. स्क्रूवर केलेली खूण या दोऱ्यासाठी धरा. सुती 50 वेटच्या दोऱ्याला ताण थोडा कमी लागतो, कारण तो ताणत नाही, तुटतो. वेटचा आकडा मोठा तितका दोरा बारीक. म्हणून क्विल्टच्या खालच्या बाजूला 60 वेट वापरला की एका बॉबिनमध्ये जास्त मीटर मावतात आणि थरांची जाडीही वाढत नाही.

फुगीर, लोकरीसारखा ताणणारा नायलॉन दोरा चकत्यांमधून नेऊच नका. बोटांमधून हलका सोडत अगदी मंद गतीने भरा. पारदर्शक नायलॉनचा दोरा बॉबिनच्या निम्म्यापर्यंतच भरा. पूर्ण भरला तर त्याच्या आखडण्याने प्लास्टिकची बॉबिन तडकू शकते.

ब्लाउजवाल्यांची एक सवय इथे मोडावीशी वाटते: अर्धी राहिलेली हिरवी बॉबिन, तिच्यावरच मरून दोरा भरायचा. नव्या दोऱ्याला आत धरून ठेवणारं काही नसतं, म्हणून तो पहिल्या थरावर सरकत बसतो आणि नेमका ब्लाउजच्या गळ्यावर ताण बदलतो. बॉबिन स्वस्त असतात. दहा-बारा जास्तीच्या घ्या आणि रंगागणिक थोडा थोडा दोरा भरून ठेवा.

गोधडीला किती बॉबिन लागतील

अंदाजाने भरलेल्या बॉबिन नेमक्या शेवटच्या दोन ओळींना कमी पडतात. हिशोब सोपा आहे. टेक्स म्हणजे 1000 मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन. रिकामी आणि भरलेली बॉबिन तोला. समजा फरक 1.6 ग्रॅम आला आणि दोरा टेक्स 27 आहे, तर 1.6 गुणिले 1000 भागिले 27, म्हणजे एका बॉबिनमध्ये सुमारे 59 मीटर दोरा.

साध्या सरळ टाक्याला 1 मीटर शिवणीमागे वरचा आणि खालचा मिळून सुमारे अडीच मीटर दोरा लागतो, त्यातला साधारण निम्मा बॉबिनचा. जुन्या साड्यांचे थर घातलेली गोधडी जाड असते, म्हणून बॉबिनचा दोरा मीटरला दीड मीटर धरा. 150 बाय 220 सेंटिमीटरच्या गोधडीवर अडीच सेंटिमीटर अंतराने लांबीच्या दिशेने ओळी मारल्या तर सुमारे 60 ओळी होतात, 132 मीटर शिवण. दीडपट केली की 198 मीटर, वर चारी कडांच्या शिवणीला आणखी 11 मीटर. 209 भागिले 59 म्हणजे साडेतीन. चार बॉबिन लागतील, पाच भरा. सगळ्या एकाच बैठकीत, एकाच कोनातून, स्क्रूला हात न लावता भरा.

नवी बॉबिन ओळीच्या सुरुवातीलाच घाला. केसमध्ये साडेतीन मीटरपेक्षा कमी दोरा उरला असेल तर त्याच्यावर 220 सेंटिमीटरची नवी ओळ सुरू करू नका. शेवटच्या वेढ्यांना ताण बदलतो, आणि ओळीच्या मध्यात दोरा संपला तर जोडाची गाठ जन्मभर दिसत राहते.

बिघाड आणि कारणं

दोरा बॉबिनच्या खाली, दांडीभोवतीच गुंडाळला गेला: बॉबिन तळाला टेकली नव्हती, किंवा सुरुवातीला टोक धरलं नव्हतं. मोटर चालू ठेवून ओढू नका. बंद करा, प्लग काढा, बॉबिन वर घ्या आणि उसवणीच्या आकड्याने दांडीच्या लांबीच्या दिशेने दोरा कापून चिमट्याने तुकडे काढा. एखादा धागा बेअरिंगमध्ये राहिला तर काही दिवसांनी वाइंडर घरघरायला लागतो.

भरताना दोरा वारंवार तुटत असेल तर आधी कोनाचा तळ बघा. दोरा तिथे सुटून स्टँडच्या दांडीभोवती अडकलेला असतो. तिथे नसेल तर आकड्याला खरचटलं आहे का ते कापसाचा बोळा फिरवून तपासा, खरखरीत जागी कापूस अडकतो.

वाइंडर फिरतो पण बॉबिन मधेच थांबते, असं झालं तर दांडीवरची स्प्रिंग किंवा रबराची कडी झिजली आहे. रबराची कडी शिलाई मशीनच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळते, जुनी सोबत नेऊन मापाची घ्या. दांडीवर तेल टाकू नका. घसरण तर वाढतेच, शिवाय पुढच्या पांढऱ्या बॉबिनवर तेलाचा डाग बसतो आणि तो कापडावर उतरतो.

भरलेल्या बॉबिन ठेवताना

टोक सुटू नये म्हणून कापडी चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक दोऱ्यावर राहतो. सिलिकॉनची छोटी कडी किंवा बॉबिनची क्लिप चांगली. डब्यात प्रत्येक बॉबिनसोबत दोऱ्याचा प्रकार आणि टेक्स लिहिलेली चिठ्ठी असू द्या, कारण पांढऱ्या 50 वेट आणि पांढऱ्या 60 वेटमधला फरक महिन्याने डोळ्यांना कळत नाही.

कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात पोलादी बॉबिन गंजतात आणि गंज आतल्या थराला लागतो. जूनआधी त्या रिकाम्या करून कोरड्या कापडाने पुसा आणि झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. भरून ठेवायच्याच असतील तर पावसाळ्यापुरत्या मशीनला चालणाऱ्या अॅल्युमिनियमच्या किंवा प्लास्टिकच्या बॉबिन घ्या. गंजाचे ठिपके पडलेली बॉबिन घासून पुन्हा वापरू नका. तिचा खडबडीत पृष्ठभाग दोरा कापत राहतो.